भोकर कुलातली रानफुलं कशी ओळखायची? डोंगरभटक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरायला लागला की गडांवरून, पठारांवरून फोटो यायला सुरुवात होते. छोटंसं निळं फूल आणि खाली एकच ओळ: 'हे कोणतं?' त्यातले बरेच भोकर कुलातले असतात, आणि बरेच तसे वाटतात पण नसतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांतून एकच आग्रह दिसेल: रंगावर जाऊ नका. फुलाच्या मागे बघा, देठाला हात लावा, फळ शोधा.

१. भोकर कुल म्हणजे नेमकं काय? भोकराचं झाड आणि ही इवली फुलं एकाच घरातली कशी?

लोणच्याचं भोकर आपल्या ओळखीचं, म्हणून बोरॅजिनेसी या कुलाला मराठीत भोकर कुल म्हणतात. युरोपात बोरेज नावाच्या निळ्या फुलाच्या रोपावरून कुलाचं शास्त्रीय नाव पडलं. जगभरात याच्या सुमारे २७०० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक गुडघ्याएवढ्या किंवा त्याहून लहान, खरखरीत पानांच्या वनस्पती आहेत. झाडं थोडी. भोकर आणि अजानवृक्ष यांच्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

२. चालता चालता पटकन ओळखायची खूण कोणती?

एकच सांगायची तर फुलोऱ्याचं वेटोळं. कळ्यांचा तुरा टोकाला आत वळलेला असतो, विंचवाच्या नांगीसारखा. शास्त्रीय मराठीत याला वृश्चिकाभ फुलोरा म्हणतात. फुलं एकाच अंगाला, ओळीने उमलतात. खालचं फूल उमलतं, मग त्याच्या पुढचं, आणि वेटोळं हळूहळू उलगडत सरळ होत जातं. म्हणून हंगामाच्या शेवटी गेलात तर वेटोळं दिसणार नाही. लांब सरळ दांडी आणि तिच्यावर एका बाजूला लागलेली फळं दिसतील.

दुसरी खूण बोटांना कळते. खोड, पानं, फुलामागचा हिरवा निदलपुंज, सगळं केसाळ आणि खरखरीत असतं. पानाच्या वरच्या बाजूला केसाच्या मुळाशी बारीक पांढरा उंचवटा असतो. भिंगातून तो ठिपक्यासारखा दिसतो.

तिसरी खूण फुलात. पाच पाकळ्या खाली जुळून नळी झालेली, पाच पुंकेसर, आणि पुष्कळ जातींत नळीच्या तोंडाशी पाच छोटे उंचवटे. ते पिवळे किंवा पांढरे असतात आणि मध्ये कडं घातल्यासारखे दिसतात.

चौथी आणि सगळ्यात भरवशाची खूण फळात आहे, तिच्यासाठी प्रश्न १० वाचा.

यातली एखादीच खूण जुळली तर निष्कर्ष काढू नका. वेटोळं, खरखरीतपणा आणि पाच जुळलेल्या पाकळ्या अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चुकण्याची शक्यता फारच कमी उरते.

३. कासच्या पठारावर 'फरगेट-मी-नॉट' म्हणून दाखवतात ते फूल कोणतं?

ती निसुर्डी. शास्त्रीय नाव पॅराकॅरिऑप्सिस सिलेस्टिना. जुन्या पुस्तकांत ती सायनोग्लॉसम किंवा अडेलोकॅरियम या नावांखाली सापडेल. झाड तेच आहे. खरी फरगेट-मी-नॉट म्हणजे मायोसोटिस, आणि ती कासला रानात उगवत नाही. कुल एक असल्यामुळे फुलाचा चेहरा जुळतो, एवढंच.

निसुर्डी ओळखायला सोपी आहे. जमिनीलगतची पानं मोठी, लांब देठाची, हृदयाच्या आकाराची आणि चांगलीच खरखरीत. मधून उंच दांडा निघतो, चांगल्या जागी तो कंबरेपर्यंत येतो. त्याला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला वळलेला तुरा. फुलं लहान, फिकट निळी, बहुतेकदा कडेला पांढुरकी. वाऱ्यावर दांडे सतत हलतात, त्यामुळे फोटो काढणाऱ्यांची परीक्षा असते.

ही वनस्पती पश्चिम घाटाच्या आपल्या पट्ट्यातली, जगात इतरत्र रानात न सापडणारी. कासला जाऊन तिला परदेशी नावाने हाक मारली जाते याचं मला खरंच वाईट वाटतं. तिला आपल्या मातीतलं सुरेख नाव आहे, ते वापरा.

४. पठारावर निळी-जांभळी फुलं ढिगाने असतात. त्यातली भोकर कुलातली नसलेली कोणती?

बहुतेक सगळी. पावसाळी पठारावर नेहमी घोळ होतो तो पुढच्या मंडळींशी.

सीतेची आसवं गवतात, ओल्या कातळावर असतात. त्यांच्या फुलाला दोन ओठ आणि मागे शेपटीसारखी नळी असते. पानं जवळपास दिसतच नाहीत. एकदा नीट पाहिलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

आभाळी जास्त फसवते, कारण तिचाही फुलोरा वळलेला असतो. पण तिथे वळणावर होडीच्या आकाराची हिरवी छदं (फुलाखालची छोटी पानं) एकावर एक बसलेली असतात, पाकळ्या तीन असतात, आणि पुंकेसरांना निळे झुपकेदार केस असतात. पानांच्या शिरा गवतासारख्या समांतर जातात. केनाही याच घराण्यातला.

विष्णुक्रांतीचं फूल निळं, पाच भागांचं, जमिनीलगत. पानं मऊ रेशमी लवेची असतात, खरखरीत नाहीत, आणि फुलं पानांच्या बगलेत एक-दोन येतात. वेटोळं नाही. ती गारवेलीच्या कुलातली आहे.

एक्झाकमची पानं गुळगुळीत आणि समोरासमोर असतात, निळ्या पाकळ्यांच्या मध्ये ठसठशीत पिवळे परागकोश दिसतात. भातखाचरांच्या कडेला पाच निळ्या पाकळ्यांचं हायड्रोलिया भेटतं. त्याचीही पानं गुळगुळीत, आणि फळात चार दाण्यांऐवजी असंख्य बारीक बिया. कारवीचा घोळ व्हायला नको, पण होतो: ती झुडूपवर्गीय, पानं समोरासमोर, फुलं मोठी घंटेसारखी.

५. रानतुळशीसारख्या वनस्पतींचीही पानं केसाळ असतात, त्यांनाही चार दाणे लागतात. मग फरक कसा करायचा?

हा प्रश्न मुरलेल्या लोकांनाही पडतो आणि तो रास्त आहे. तुळस कुल आणि भोकर कुल या दोन्हींत फळाचे चार सुटे दाणे होतात. फरक खोडात आणि फुलात. तुळस कुलातलं खोड बोटांत फिरवलं तर चौकोनी लागतं, भोकर कुलातलं गोल. तुळस कुलात पानं समोरासमोर, फुलाला वरचा आणि खालचा ओठ, पुंकेसर चार किंवा दोन. भोकर कुलात पानं बहुतेक एकाआड एक, फूल सगळीकडून सारखं, पुंकेसर पाच. पान चुरगळल्यावर वास सुटला तर तोही तुळस कुलाच्या बाजूचा पुरावा. पण पठारावर पान तोडू नका, गळलेलं मिळालं तरच बघा.

६. एकाच झाडावर काही फुलं गुलाबी आणि काही निळी का?

वय वेगळं म्हणून. या कुलात कळी गुलाबी आणि उमललेलं फूल निळं हे पुष्कळ ठिकाणी दिसतं. पाकळीतलं रंगद्रव्य तेच राहतं, पेशींमधली आम्लता बदलली की त्याची छटा बदलते. छोट्या कल्प्यात उलटं होतं: फिकट निळं फूल जुनं होताना गुलाबी किंवा पांढरट पडतं.

मायोसोटिसमध्ये आणखी एक गंमत आहे. फुलाच्या मधलं पिवळं कडं जुनं होताना पांढरं पडतं आणि कीटक पिवळ्या कड्याच्या ताज्या फुलांकडे जातात. हे कडं मधाची वाट दाखवण्यासाठी आहे, असं जर्मन निसर्ग-अभ्यासक श्प्रेंगल यांनी १७९३ मध्येच मांडलं होतं.

म्हणून 'गुलाबी फुलाची जात वेगळी असेल' असं धरू नका. दोन्ही रंग एकाच दांड्यावर आहेत का, ते आधी पाहा.

७. माळरानावर खाली मान घातलेलं फिकट निळं फूल दिसलं. ते कोणतं?

बहुधा छोटा कल्पा, म्हणजे ट्रायकोडेस्मा इंडिकम. संस्कृतात याला अधःपुष्पी म्हणतात, आणि फूल खरोखरच जमिनीकडे तोंड करून असतं. त्यासाठी गुडघे टेकावे लागतात, पण टेकाच. फूल वर उचलून पाहिलं की पाकळ्यांच्या तळाशी पिवळसर-तपकिरी ठिपके दिसतात आणि मध्ये पुंकेसर एकत्र येऊन टोकदार सुळका झालेला असतो. सुळक्याचं टोक पीळ दिल्यासारखं असतं. निदलपुंजाच्या प्रत्येक भागाला तळाशी बाणाच्या पात्यासारखे दोन कान असतात. एवढी एक खूण पटली तरी पुरे. फळ धरताना हाच निदलपुंज वाढून मोठा होतो.

हा घाटमाथ्यापेक्षा देशावरच्या कोरड्या माळांवर, पडीक शेतांत, बांधांवर जास्त भेटतो. पानांना देठ नसतो आणि ती कमालीची खरखरीत असतात. त्याची पानं नियम कशी मोडतात ते प्रश्न ११ मध्ये आहे.

८. गावाजवळ, तळ्याच्या काठी हत्तीच्या सोंडेसारखा तुरा असलेली वनस्पती दिसते, ती याच कुलातली का?

हो, ती भुरुंडी. शास्त्रीय नाव हेलिओट्रोपियम इंडिकम, संस्कृत नाव हस्तिशुंडी. वृश्चिकाभ फुलोरा शिकायचा असेल तर यापेक्षा चांगली वनस्पती नाही: ठळक वेटोळं, त्याच्या पाठीवर दोन ओळींत बसलेली पांढरट-जांभळट फुलं. ओलसर पडीक जागा, तळ्याचा काठ, उकिरडा, कुठेही येते. डोंगरावर जाण्याआधी गावातच हिच्याशी ओळख करून घ्या.

सुकलेल्या भुरुंडीवर ब्लू टायगर, प्लेन टायगर अशी फुलपाखरं झुंबड करून बसलेली दिसतात. ती मधासाठी आलेली नसतात. नर फुलपाखरं वनस्पतीतली अल्कलॉइड नावाची रसायनं शोषून घेतात आणि त्यांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. खुळखुळ्याच्या झाडांवर हेच दृश्य दिसतं. ही अल्कलॉइड माणसाला मात्र घातक, त्यासाठी प्रश्न १४.

९. हिमालयात, विशेषतः व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये काय बघायला मिळतं?

इथे कुलाचा पसारा मोठा आहे आणि खरी मायोसोटिसही भेटते. जुलै-ऑगस्टमध्ये घांघरियाहून दरीत गेलात तर वाटेवरच्या जंगलाच्या सावलीत हॅकेलिया अन्सिनाटा शोधा. चेहरा अगदी मायोसोटिसचा, पण पानं मोठी आणि फळांवर आकडे. मायोसोटिसचे दाणे गुळगुळीत, चकचकीत असतात. दोघांत निर्णय करायचा तो फळावरच. मोकळ्या गवताळ उतारांवर सायनोग्लॉसमच्या जाती असतात, दिसायला निसुर्डीच्या चुलतबहिणी. काश्मीर ते कुमाऊँ या पट्ट्यात गडद निळ्या, लांबट नळीच्या फुलांची लिंडेलोफिया लाँगिफ्लोरा भेटते.

तिथे फसवणारी मंडळी वेगळी. सायनँथसची निळी पाच भागांची फुलं आणि नळीच्या तोंडाशी पांढरे केस, पण फूल दांड्याच्या टोकाला एकटं, वेटोळं नाही. जेन्शियनच्या पानांना खरखरीतपणा नाही आणि ती समोरासमोर असतात. निळी पॉपी तर चार किंवा अधिक सुट्या पाकळ्यांची.

लडाखच्या कोरड्या उतारांवर अर्नेबिया युक्रोमा असते. तिच्या मुळाविषयी प्रश्न १३ पाहा.

१०. फुलं संपली आहेत, फक्त फळं उरली आहेत. आता ओळखता येईल का?

उलट आता जास्त खात्रीने येईल. निदलपुंजात डोकवा. मध्ये चार छोटे दाणे चौकात बसलेले दिसतील. यांना कपालिका म्हणतात. चौघांच्या मधोमध कुक्षीची वाळलेली काडी उभी असते. चारपैकी एखादा दाणा खुरटलेला असू शकतो, म्हणून एकाच फळावर समाधान मानू नका, तीन-चार फळं बघा.

मग दाण्याचा पृष्ठभाग भिंगाने तपासा. दहापट भिंग पुरतं. निसुर्डी, सायनोग्लॉसम आणि हॅकेलिया यांच्या दाण्यांवर बारीक काटे असतात आणि प्रत्येक काट्याच्या टोकाला नांगरासारखे उलटे आकडे. मोज्यांना, बुटांच्या नाड्यांना चिकटून येतात ते हेच. मायोसोटिसचे दाणे गुळगुळीत. भुरुंडीच्या फळाचे ठळक दोन भाग होतात आणि मग प्रत्येक भाग पुन्हा विभागतो. जातींच्या पातळीवर तज्ज्ञसुद्धा दाण्यांवरच भांडतात, फुलांवर नाही. ट्रेकवरून आल्यावर मोजे झटकण्याआधी एकदा त्यांवर भिंग धरून बघा.

११. चार पाकळ्या, समोरासमोर पानं किंवा गुळगुळीत पानं असतील तर ती वनस्पती या कुलातून बाद का?

नाही. अपवाद आहेत, आणि आपल्याकडेच आहेत.

चार पाकळ्यांचा अपवाद त्रिपक्षी, म्हणजे कोल्डेनिया प्रोकम्बेन्स. आटलेल्या तळ्यांत, भात काढलेल्या खाचरांत जमिनीला चिकटून पसरते. पानांच्या कडा सुरकुतलेल्या, फुलं इवलीशी, पांढरी, चार भागांची.

समोरासमोर पानांचा अपवाद छोटा कल्पा. त्याच्या खालच्या जोड्या सरळ समोरासमोर असतात, वर जाताना एकाआड एक होतात. नुसत्या शेंड्याचा फोटो पाठवला तर एक उत्तर येतं, बुंध्याचा पाठवला तर दुसरं. म्हणून पूर्ण झाड दाखवा (प्रश्न १५).

गुळगुळीत पानांचे अपवाद खाऱ्या जमिनीत सापडतात. तिथे हेलिओट्रोपियम कुरासाव्हिकम मांसल, निळसर हिरव्या, बिनकेसाच्या पानांची असते. पण तिचा पांढऱ्या फुलांचा तुरा पाहिलात की वेटोळं लगेच ओळखू येईल.

नळीच्या तोंडाशी उंचवटे नसणं हा तर अपवादही नव्हे. हेलिओट्रोपियममध्ये ते नसतातच.

१२. नवीन पुस्तकांत भुरुंडी आणि भोकर वेगळ्या कुलांत दाखवले आहेत. बरोबर कोण?

दोन्ही. जनुकीय अभ्यासानंतर काही संशोधक भोकराचं, अजानवृक्षाचं, भुरुंडीचं आणि त्रिपक्षीचं अशी वेगवेगळी कुलं मानतात आणि सगळ्यांना एका मोठ्या गणात ठेवतात. २०१६ च्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाच्या) वर्गीकरणाने मात्र सगळ्यांना एकाच विस्तृत कुलात ठेवलं. रानात ओळख पटवताना यामुळे काही अडत नाही. नोंद करताना प्रजाती आणि जातीचं नाव लिहा, कुलाचा वाद आपोआप टळतो.

आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीपाशी असलेला अजानवृक्ष हा एहरेशिया लेव्हिस. त्याची पांढरी बारीक फुलंही वळलेल्या तुऱ्यांत येतात. बहराच्या दिवसांत आळंदीला गेलात तर तेवढं निरखून पाहा. भोकर आणि अजानवृक्ष यांची फळं मात्र गरदार असतात, चार सुटे दाणे नाहीत. प्रश्न १० मधली खूण यांना लावू नका.

१३. रतनजोत म्हणजे याच कुलातली का?

बाजारात रतनजोत या नावाने विकली जाणारी लाल-जांभळी मुळं बहुधा याच कुलातल्या अर्नेबिया, ओनोस्मा किंवा अल्कॅना यांची असतात. रोगनजोशला लाल रंग देणारी हीच. मुळाच्या सालीतला रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. आम्लात तो लाल राहतो, अल्कलीत निळा होतो. ही मुळं उपटली की झाड संपतं. हिमालयातल्या अर्नेबियावर या खोदाईचा मोठा ताण आहे. डोंगरात कुणी ताजं मूळ विकायला आणलं तर घेऊ नका.

१४. ही फुलं, पानं खाता येतात का? काढा, चहा?

नको. रानातून आणून अजिबात नको. या कुलातल्या पुष्कळ वनस्पतींत पायरोलिझिडीन अल्कलॉइड असतात आणि ती यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतात. दुखणं लगेच उठत नाही, म्हणून जास्त धोका. १९७० च्या दशकाच्या मध्यात वायव्य अफगाणिस्तानात गव्हात हेलिओट्रोपियमचं बी मिसळलं गेलं आणि हजारो लोकांना यकृताचा गंभीर आजार झाला. उकळल्याने किंवा वाळवल्याने धोका टळत नाही.

'आयुर्वेदात, युनानीत वापरतात' हे खरं आहे, पण तो वैद्याचा विषय. गाओजबान या युनानी औषधाच्या नावाखाली तर वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. भोकराच्या कच्च्या फळांचं लोणचं पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जातं, त्याला या उत्तरातून वगळा.

हात लावल्याने विषबाधा होत नाही. नाजूक कातडीला केस टोचून थोडी खाज येते, पाण्याने धुतलं की जाते.

१५. ओळख पटण्यासाठी फोटो कसे पाठवायचे?

फुलाचा एकच सुंदर क्लोजअप सगळ्यात कमी उपयोगाचा. पूर्ण झाड, मुळाजवळची पानं, खोड आणि पानाचा जोड, तुरा बाजूने (वेटोळं दिसेल असा), फूल समोरून, फूल मागून निदलपुंजासह, आणि असलं तर फळ, एवढं हवं. शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. ठिकाण, महिना, जमीन कशी होती (कातळ, ओली माती, जंगलाची सावली) हे लिहा. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद टाकलीत तर ती इतर अभ्यासकांच्याही कामी येते. मोबाइल ॲपने सुचवलेलं नाव ही फक्त सुरुवात समजा. निसुर्डीसारख्या स्थानिक जातींना ॲप परदेशी नावं चिकटवतं.

१६. निसुर्डीचं बी आणून कुंडीत लावलं तर?

कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे, आणि तिथून काहीही तोडून वा वेचून आणायला परवानगी नाही. इतर पठारांवरूनही आणू नका. ही वनस्पती जांभ्यावरचा मातीचा पातळ थर, धुकं आणि चार महिन्यांचा धो धो पाऊस यांत वाढलेली आहे. ते सगळं कुंडीत देता येत नाही. कपड्यांना बी चिकटलं असेल तर त्याच पठारावर झटका, दुसऱ्या डोंगरावर नेऊ नका.

घरी असा चेहरा हवाच असेल तर बियाण्यांच्या दुकानात 'चायनीज फरगेट-मी-नॉट' मागा. ते सायनोग्लॉसम अमाबिले, हिवाळी हंगामी फूल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा, ऊन भरपूर द्या, आणि दाणे तयार होण्याआधी वाळलेले तुरे कापून टाका, नाहीतर आकडे असलेलं हे बी अंगणाबाहेर पसरतं.